बसऱ्याचे पदक आणि रोमची चांदी

आमच्या घरी खंडेनवमीच्या पूजेत विळा, कोयता, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ यांच्या शेजारी चांदीचे एक वाटोळे पदक ठेवण्याची रीत आहे. ते माझ्या पणजोबांचे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून ते मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले होते. पण सातारा तालुक्यातल्या आमच्या गावात त्या देशाचे हे लांबलचक नाव कोणाच्याच तोंडी बसले नाही आणि जुनी माणसे शेवटपर्यंत 'ते बसऱ्याला गेले होते' एवढेच सांगत राहिली. पदकाच्या एका बाजूला राजाचे मस्तक आहे. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडाबंब पुरुष असून घोड्याच्या टापांखाली गरुडाचे चित्र असलेली ढाल आणि एक कवटी चिरडली जात आहे. माझी आजी, म्हणजे पणजोबांची सून, या स्वाराला खंडोबा समजत असे. तिचे काही चुकत होते असे मला आजही वाटत नाही, कारण आमच्या देव्हाऱ्यात पालीच्या खंडोबाचा जो चांदीचा टाक आहे, त्यावरही घोडा, स्वार आणि टापांखाली पडलेला दैत्य अशीच मांडणी आहे. दोन्ही वस्तू चांदीच्या आणि दोन्ही ठशावर उठवलेल्या. आजी दोन्हींना हळदकुंकू वाहत असे आणि दोन्ही वस्तू सणाच्या आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळी लावून घासत असे.

त्या घासण्यामुळे स्वाराचा चेहरा आता पुसट झाला आहे. पदकाच्या काठाने फिरलेली अक्षरे मात्र वाचता येतात. ती इंग्रजी नसून लॅटिन आहेत, हे मला वयाच्या चाळिशीत कळले. 'जॉर्जियस पाचवा, समस्त ब्रिटनांचा राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट' असा त्यांचा अर्थ आहे आणि 'सम्राट' या शब्दासाठी 'इम्प' असे तुटक रूप वापरले आहे. हे 'इम्प' म्हणजे 'इम्पेराटोर'. लढाई जिंकून देणाऱ्या सेनापतीला रोमचे सैनिक रणांगणावरच या नावाने जयघोष करून गौरवीत असत. पुढे ऑगस्टस या पहिल्या रोमन सम्राटाने तो शब्द आपल्या नावाचाच भाग केला आणि नाण्यांवर 'इम्प' ही खूण कायमची बसली. सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराला विसाव्या शतकात दिलेल्या चांदीच्या तुकड्यावर रोमन छावणीतली ती जुनी आरोळी कोरलेली आहे, हे लक्षात आल्यापासून रोमन चांदीच्या नाण्यांचा नाद मला लागला. पुस्तकांत मी ती खूप पाहिली. हातात घेण्याचा योग मात्र एकदाच आला, काही वर्षांपूर्वी सांगलीत भरलेल्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात. तिथल्या एका संग्राहकांकडे दोन रोमन नाणी होती आणि माझी उत्सुकता पाहून त्यांनी ती भिंगासह माझ्यासमोर ठेवली. या लेखात मी जे सांगणार आहे, ते बरेचसे त्या दोन नाण्यांभोवती फिरते.

या चांदीच्या नाण्याचे नाव देनारियस. संस्कृत शिलालेखांतला आणि ग्रंथांतला 'दीनार' हा शब्द त्याच्यापासूनच आला. इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत तळ ठोकून बसलेला असताना आणि युद्धाच्या खर्चाने रोमचा खजिना पिळून निघत असताना, हे नाणे प्रथम पाडले गेले. म्हणजे ते जन्मालाच युद्धाच्या पोटी आले. आरंभी त्याची किंमत दहा तांब्याच्या 'अस' नाण्यांइतकी होती, म्हणून त्यावर दहाचा आकडा असे, पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकात ती सोळा असांची झाली. आरंभीचे नाणे थोडे जड होते, पण लवकरच एका रोमन पौंडातून ८४ नाणी काढण्याचे प्रमाण ठरले. हिशेब केला तर एका नाण्याचे वजन सुमारे ३.९ ग्रॅम येते, म्हणजे आपल्या तोळ्याचा बरोबर तिसरा हिस्सा. सराफाच्या तराजूची सवय असलेल्या माणसाला हे प्रमाण चटकन लक्षात राहते.

पहिल्या देनारियसच्या दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आहे आणि मागे भाले रोखून घोडे फेकणारे दोन जुळे देव आहेत. कॅस्टर आणि पोलक्स अशी त्यांची नावे. ते रणात रोमनांच्या बाजूने धावून येतात अशी श्रद्धा होती. लढाईत देव घोड्यावर बसून आपल्यासाठी उतरतो, ही कल्पना खंडोबाच्या आणि जोतिबाच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पुढच्या दीडशे वर्षांत नाण्यांवर पंखवाली विजयदेवता आली, तिचे दोन आणि चार घोड्यांचे रथ आले आणि मग हळूहळू टाकसाळीचे काम पाहणारे तरुण अधिकारी आपापल्या घराण्याच्या पराक्रमाची चित्रे नाण्यांवर घालू लागले. हा काळ अभ्यासकांना फार प्रिय आहे, पण मला त्यात विशेष गोडी वाटली नाही. माझे मन लागले ते साधा सैनिक नाण्यावर कुठे दिसतो, या एका प्रश्नात.

याचे उत्तर शोधताना प्रथम भेटतो तो एक विचित्र खांब. रोमन नाण्यांवर तो शेकडो वेळा येतो. झाडाचे खोड किंवा जाड खांब जमिनीत रोवायचा, त्याला आडवी काठी बांधायची आणि त्यावर हरलेल्या शत्रूचे चिलखत, शिरस्त्राण, ढाली आणि भाले चढवायचे. रणांगणावर विजयाची खूण म्हणून हे उभारत असत. त्याचा आकार पाहिला की मला ज्वारीच्या रानातले बुजगावणे आठवते, कारण रचना अगदी तीच आहे: आडवी काठी, तिच्यावर अंगरखा, वर डोके आणि आत कोणीच नाही. त्या खांबाच्या बुडाशी बहुतेक वेळा एक किंवा दोन कैदी बसलेले असतात. हात पाठीमागे बांधलेले, तोंड फिरवलेले. गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकल्यावर सीझरने पाडलेल्या नाण्यांवर ते आहेत. सम्राट व्हेस्पेशियनच्या नाण्यावर खांबाशेजारी एक स्त्री गालावर हात टेकून जमिनीवर बसली आहे आणि खाली 'यूदेआ' एवढाच शब्द आहे, म्हणजे ज्यूंचा सगळा देशच एका रडणाऱ्या बाईच्या रूपात दाखवला आहे. इ.स. १०१ ते १०६ या काळात सम्राट ट्राजनने डॅन्यूबपलीकडच्या डेशियाशी दोन युद्धे केली. त्याच्या नाण्यांवर डेशियन माणूस आपल्याच लोकांच्या हत्यारांच्या ढिगावर डोके धरून बसलेला दिसतो आणि काही नाण्यांवर त्या हत्यारांत त्यांची ती प्रसिद्ध कोयत्यासारखी वाकडी तलवारही ओळखू येते. इतकी नाणी पाहिल्यावर माझ्या असे लक्षात आले की जिंकणारा सैनिक या चित्रांत जवळजवळ नसतोच. सम्राट असतो, देवता असते, रिकामे चिलखत असते आणि हरलेला माणूस असतो. जिंकणाऱ्या बाजूने ज्याने भाला चालवला, त्याचे तोंड ठसा कोरणाऱ्याने क्वचितच कोरले.

नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडच्या वीरगळांची आठवण होते. वाई तालुक्यात चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी किकली नावाचे गाव आहे आणि तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात कितीतरी वीरगळ मांडून ठेवले आहेत. खालच्या चौकटीत झुंज आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि सर्वांत वर चंद्रसूर्य, अशी त्यांची साधारण रचना असते. बहुतेकांवर नाव नाही. तरीही दगडावरचा माणूस हा तोच मेलेला माणूस आहे, कोणा राजाचा किंवा देवाचा प्रतिनिधी नाही. रोमन चांदी पाहून झाल्यावर मी मुद्दाम किकलीला पुन्हा गेलो आणि खालच्या चौकटींतल्या त्या ढाल-तलवारवाल्यांकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळ पाहत उभा राहिलो.

आता सांगलीतल्या पहिल्या नाण्याकडे येतो. ते मार्क अँटनी या रोमन सेनापतीचे होते. इ.स.पू. ३२ च्या हिवाळ्यात ऑक्टेव्हियनशी, म्हणजे पुढे ऑगस्टस झालेल्या प्रतिस्पर्ध्याशी, शेवटची गाठ पडणार हे दिसू लागल्यावर अँटनीने आपल्या सैन्याच्या पगारासाठी ही नाणी प्रचंड संख्येने पाडली. एका बाजूला वल्ह्यांच्या रांगा असलेले लढाऊ गलबत आहे आणि दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मध्ये उंच काठीवर बसलेला गरुड आहे. या गरुडध्वजाखाली 'लेग' आणि पुढे रोमन आकडा असतो. 'लेग' म्हणजे लीजन, आपल्या भाषेत मोठी पलटण, साधारण पाच हजार माणसांची. दुसऱ्या लीजनपासून तेविसाव्या लीजनपर्यंत वेगवेगळ्या आकड्यांची अशी नाणी मिळतात. शिवाय सेनापतीच्या अंगरक्षकांच्या आणि टेहळणी करणाऱ्या तुकड्यांच्या नावाचीही वेगळी नाणी आहेत. देनारियसच्या साऱ्या इतिहासात साध्या शिपायाच्या इतक्या जवळ दुसरे कोणतेच चित्र आलेले नाही, असे माझे मत आहे. त्याचे नाव नाही आणि तोंडही नाही, पण ज्या पलटणीत तो जेवतो, झोपतो आणि मरतो, तिचा आकडा त्याच्या पगाराच्या पैशावर आहे. सहाव्या लीजनच्या माणसाने आपल्या तळहातावर सहाचा आकडा पाहिला असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल याचा विचार मी त्या प्रदर्शनाच्या टेबलाशी बसून बराच वेळ केला.

इ.स.पू. ३१ च्या २ सप्टेंबरला ॲक्टियमच्या समुद्रात अँटनी हरला आणि पुढच्या वर्षी मेला. रीतीप्रमाणे त्याची नाणीही विस्मरणात जायला हवी होती. घडले उलट. या नाण्यांत अँटनीने नेहमीपेक्षा हलकी चांदी वापरली होती. त्याने नाण्यांत लोखंड मिसळले अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहे, प्रत्यक्षात ती भेसळ तांब्याची आहे. चांदी हिणकस असल्यामुळे ती वितळवून नफा काढण्यात कोणाला रस नव्हता आणि घरात साठवून ठेवायलाही लोक चांगल्या कसाचेच नाणे निवडत. त्यामुळे चांगल्या कसाची नाणी मडक्यांत आणि मुशींत गेली आणि हरलेल्या सेनापतीची ही नाणी बाजारात हात बदलत राहिली. दोनशे वर्षांनंतर पुरलेल्या साठ्यांतही ती सापडतात. मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस या सम्राटांनी तर सहाव्या लीजनच्या नाण्याची नवी आवृत्तीच काढली, म्हणजे तोवर ते लोकांच्या ओळखीचे राहिले होते. सांगलीतले ते नाणे अशाच दीर्घ फेऱ्यांतून आलेले होते. गलबत म्हणजे एक उंचवटा उरला होता, गरुडाचे पंख सपाट झाले होते आणि कडेला एका रोमन सराफाने कस पाहण्यासाठी मारलेला छोटासा टोचा दिसत होता. लीजनचा आकडा मात्र पूर्ण पुसलेला. संग्राहक म्हणाले, आकडा दिसला असता तर किंमत बरीच वाढली असती. मला किमतीचे काही वाटले नाही, पण आकडा नाही याचे वाईट वाटले.

गरुडध्वजाची गोष्ट इथेच पुढे नेतो, कारण तिच्याशिवाय दुसरे नाणे कळणार नाही. लीजनचा चांदीचा किंवा सोन्याचा गरुड म्हणजे तिचा प्राण होता. जरीपटका शत्रूच्या हाती जाणे ही आपल्याकडे जशी मरणाहून मोठी नामुष्की मानली जाई, तशीच ती तिथेही होती. इ.स.पू. ५३ मध्ये क्रासस हा सेनापती इराण आणि मेसोपोटेमियावर राज्य करणाऱ्या पार्थियनांवर चालून गेला आणि कार्हे येथे त्याचा दारुण पराभव झाला. सुमारे २० हजार माणसे पडली, १० हजार पकडली गेली आणि गरुडध्वज पार्थियनांच्या ताब्यात गेले. पुढे इ.स.पू. २० मध्ये ऑगस्टसने ते परत मिळवले. परत मिळवले ते वाटाघाटींनी. लढाई झालीच नाही. पार्थियन राजा चौथा फ्राटेस याच्याशी बोलणी झाली आणि निशाणे सन्मानाने परत आली. पण ऑगस्टसच्या नाण्यांवर काय दिसते? विजार घातलेला एक पार्थियन गुडघा टेकून निशाण पुढे करतो आहे आणि कडेने 'निशाणे परत मिळाली' अशा अर्थाची अक्षरे आहेत. हजारो सैनिकांच्या हाती हे चित्र पडले आणि समोरच्याने गुडघे टेकले असा समज साम्राज्यभर पसरला. हे नाणे कारागिरीच्या दृष्टीने फार सुंदर आहे. त्यावरचे चित्र मात्र खोटे आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

सांगलीतले दुसरे नाणे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचे होते, इ.स. २०१ च्या सुमाराचे. मधोमध तो बुजगावण्यासारखा खांब आणि त्याच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवलेले दोन पार्थियन कैदी. अक्षरांचा अर्थ 'पार्थियनांचा महान विजेता'. इ.स. १९८ च्या आगेमागे सेव्हेरसने पार्थियनांची राजधानी तेसिफोन जिंकून लुटली, त्याची ही खूण. तेसिफोन हे नाव वाचले आणि मी भिंग खाली ठेवले. बगदादच्या दक्षिणेला सुमारे ३५ किलोमीटरवर टायग्रिसकाठी त्या शहराची भव्य कमान अजून उभी आहे आणि २२ नोव्हेंबर १९१५ रोजी त्याच कमानीच्या परिसरात पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढली. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या आणि त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतली माणसे होती. लढाईत इतके लोक पडले की सैन्याला मागे फिरावे लागले. ७ डिसेंबरपासून कुत येथे वेढा पडला, अन्नाचे हाल झाले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. माझे पणजोबा त्यानंतर पाठवलेल्या कुमकेत होते आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद पडल्यानंतर तिथे पोहोचले. त्यांनी ती कमान पाहिली होती. 'नुसती कमान, घर नाही, दार नाही, आणि उंची आपल्या देवळाच्या कितीतरी पट' असे ते सांगत, ही आठवण आजीकडून माझ्यापर्यंत आली आहे. त्या कमानीचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. मला ते सांगलीत, एका चांदीच्या नाण्यामुळे कळले. कमान स्वतः सेव्हेरसच्या नंतरच्या काळातली आहे, पण भूमी तीच आहे.

सैनिक आणि नाणे यांचा खरा संबंध मात्र चित्रापेक्षा पगाराचा आहे. ऑगस्टसच्या काळी लीजनच्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत आणि ते तीन हप्त्यांत दिले जात. एका हप्त्याची ७५ नाणी म्हणजे साधारण २५ तोळे चांदी. ऐकायला ही रक्कम बरी वाटते, पण त्यातून धान्य, कपडे आणि हत्यारे यांचे पैसे कापले जात. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्याची बातमी येताच डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या तीन लीजनांनी बंड केले. पर्सेनियस नावाच्या एका साध्या शिपायाने त्या वेळी केलेले भाषण टॅसिटस या इतिहासकाराने दिले आहे. आमच्या देहाची आणि जिवाची किंमत दिवसाला दहा अस ठरवली आहे, त्यातूनच आम्ही कपडे, हत्यारे आणि तंबू घ्यायचे आणि निर्दय अधिकाऱ्यांना लाचही द्यायची, असा त्याचा आशय आहे. रोज एक पुरा देनारियस द्या, ही त्यांची मागणी होती. २२५ ला वर्षाच्या दिवसांनी भागून पाहा, दिवसाला जेमतेम दहा असच येतात. शिपायाचा हिशेब चोख होता. बंड मोडले गेले आणि पर्सेनियसला ठार मारण्यात आले. पगार वाढायला सम्राट डोमिशियनची वाट पाहावी लागली, तेव्हा तो ३०० झाला.

एक बारीकशी गोष्ट मला या साऱ्यात विशेष हृद्य वाटते. पगारातून उरलेली शिल्लक सैनिक छावणीतच ठेव म्हणून ठेवत आणि तिचा हिशेब निशाण वाहणारा शिपाई सांभाळत असे. निशाणे जिथे ठेवली जात ते छावणीतले देवघर आणि तिजोरी एकाच ठिकाणी असत. म्हणजे नाण्यावर ज्या निशाणाचे चित्र आहे, तेच निशाण खांद्यावर घेणारा माणूस त्या नाण्यांचा राखणदार होता. निशाण वाचले तर आपली गाठोडीही वाचली, हे प्रत्येकाला पक्के माहीत होते.

सैन्य आणि सम्राट यांच्यात बिनसले की नाण्यांचा सूर बदलतो, हेही पाहण्यासारखे आहे. नेर्व्हा इ.स. ९६ मध्ये गादीवर आला तेव्हा सैन्यात त्याला मान नव्हता. त्याच्या नाण्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आहेत, काहींवर ते हात गरुडध्वज धरून आहेत आणि लेख आहे 'सैन्यांची एकजूट'. पुढच्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या अंगरक्षकांनी राजवाड्याला वेढा घालून त्याला आपल्या म्हणण्यापुढे वाकायला लावले. सेव्हेरसने इ.स. १९३ मध्ये सत्तेवर येताच, ज्या ज्या लीजन त्याच्या बाजूला होत्या, त्यांच्या नावांची नाणी पाडली. विरोधकाच्या हाताखालच्या लीजनांची नावे त्यांत नाहीत. त्याने सैनिकांचे पगार वाढवले आणि ते भागवण्यासाठी देनारियसमधली चांदी निम्म्यावर आणली. मरताना त्याने मुलांना सांगितले की आपसांत जुळवून राहा, सैनिकांना श्रीमंत करा आणि बाकी कोणाची पर्वा करू नका, असे डिओ या इतिहासकाराने लिहिले आहे. सव्वादोन शतकांपूर्वीच्या चांगल्या चांदीच्या मानाने हा पैसा अर्धाच होता, हे सैनिकाला सराफाकडे गेल्यावर कळतच असणार. इ.स. २६० च्या सुमारास सम्राट गॅलियेनसने पुन्हा लीजनांच्या नावांची नाणी काढली. या वेळी प्रत्येक लीजनचे मानचिन्ह त्यावर आहे: बैल, सिंह, मकर, जुळ्या बाळांना दूध पाजणारी लांडगी. चित्रे इतकी ठसठशीत पूर्वी क्वचितच झाली असतील, पण त्या नाण्यांत चांदी अगदीच थोडी उरली होती आणि वरचा मुलामा उडाला की आत तांबेच दिसे.

आपल्या देशाचा या चांदीशी आलेला संबंध मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो अशी प्लिनीची तक्रार होती. चार सेस्टर्सचा एक देनारियस, म्हणजे सव्वा कोटी देनारियस. भारतात सापडलेले साठे मुख्यतः दक्षिणेकडचे आहेत आणि त्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत. इ.स. ६४ मध्ये नीरोने पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी काढायला सुरुवात केली आणि कसही उतरवला. त्यानंतरची चांदी आपल्याकडे फारशी आली नाही, यावरून आपले व्यापारी कसाच्या बाबतीत किती दक्ष होते ते दिसते. या साठ्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपैकी एकावर ऑगस्टसचे दोन दत्तक पुत्र, गायस आणि लुशियस, ढाली आणि भाले घेऊन उभे आहेत. दोघेही तरुणपणीच वारले. त्यांच्या ढालींची नक्कल मात्र दक्षिण भारतातल्या कारागिरांनी वर्षानुवर्षे केली. सांगलीहून तासाभराच्या अंतरावर कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती याच व्यापाराची आठवण आहे.

या विषयावर मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट मात्र पुनर्मुद्रेची आहे. इ.स. १३२ ते १३५ या काळात ज्यूंनी बार कोखबाच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध उठाव केला. त्यांच्याकडे स्वतःची चांदी नव्हती, म्हणून त्यांनी रोमन देनारियसच घेतले आणि त्यांवर आपला ठसा मारला: द्राक्षांचा घड, वीणेसारखे वाद्य, कर्णे आणि हिब्रू अक्षरे. व्हेस्पेशियनने जिला रडताना दाखवले होते, त्याच भूमीच्या माणसांनी सम्राटाच्या चेहऱ्यावर हातोडा हाणला होता. काही नाण्यांवर द्राक्षांच्या आडून सम्राटाचे नाक किंवा कपाळ अजून दिसते. आणि जवळजवळ त्याच युगात आपल्या गौतमीपुत्र सातकर्णीने अगदी हेच केले. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान याच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला त्याचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र आहे, म्हणजे हीही शस्त्रांचीच भाषा. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपली तीन कमानींची टेकडी आणि उज्जयिनी चिन्ह ठोकले आहे. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, त्याला 'क्षहरात वंश निःशेष करणारा' म्हटले आहे. तो लेख दगडावर आहे आणि थोड्यांनीच वाचला असेल. बाण आणि वज्रावर उमटलेली ती टेकडी मात्र बाजारात प्रत्येकाच्या हातातून गेली.

आमच्या पदकावर कोणी दुसरा ठसा मारला नाही. ते एकदाच घराबाहेर गेले, १९७२ च्या दुष्काळात. आजीने ते सराफाकडे गहाण टाकले, चांदी अडीच तोळ्यांच्या आसपास भरली आणि त्या पैशांत ज्वारी आली. पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा तिने पहिल्या पैशातून ते सोडवून आणले, कारण त्या काळात अशी कितीतरी पदके मुशीत जाऊन त्यांचे पैंजण झाले होते, हे तिने पाहिले होते. अपशिंग्यासारख्या गावाने त्या एका महायुद्धात ४६ माणसे गमावली आहेत. अशा मुलखात एकेका घराकडे किती पदके आली असतील आणि त्यांतली किती उरली असतील, हे मनात येऊन जाते.

यंदा खंडेनवमीला पदक घासण्याचे काम माझ्याकडे आले. मी रांगोळी लावली नाही, मऊ फडक्याने पुसून घेतले आणि सांगलीतल्यासारखेच भिंग लावून कडेवरून नजर फिरवली. ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून लिहिण्याची पद्धत होती. राजाच्या बाजूची चमक गेली आहे, घोडेस्वाराचे तोंड तर आजीच्या बोटांनी केव्हाच नेले आहे. कड मात्र कधी घासली जात नव्हती. तिथे पलटणीचा आकडा आहे, 'मराठा' हा शब्द आहे आणि इंग्रजी अक्षरांत चुकीच्या पद्धतीने लिहिलेले पणजोबांचे नाव आहे. माझ्या पुतण्याने ते मोठ्याने वाचले, अक्षरांप्रमाणे म्हणजे चुकीचे. मग त्याने ते दुरुस्त करून पुन्हा वाचले आणि आम्ही पदक खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिले.